काही अडचण आहे का?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. वसुबारसेला दोन दिवस राहिले होते. आमच्या स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालू होता आणि बाहेरच्या खोलीत माझी पुतणी कानाला यंत्र लावून भिंतीशी बोलत होती. भिंतीशी म्हणजे संगणकाच्या पडद्याशी. पण पलीकडून कोणीच बोलत नव्हते, तेव्हा माझ्या दृष्टीने ती भिंतच! "सगळ्यांना ऐकू येतंय ना? कुणाला काही शंका? काही अडचण आहे का?" असे तिने तीनदा विचारले. तिन्ही वेळा पलीकडे सामसूम. शेवटी कोणीतरी "नाही, सगळं ठीक आहे" असे पुटपुटले आणि ती सभा बरखास्त झाली. पुतणीने कानातले यंत्र काढून टेबलावर टाकले आणि ती म्हणाली, "काका, ही माणसं मला काही सांगतच नाहीत हो!"

पुतणी पुण्यात हिंजवडीच्या एका कंपनीत 'बिझनेस ॲनालिस्ट' आहे. या शब्दाचा अर्थ आमच्या घरात अजून कोणाला पुरता लागलेला नाही. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा तिला सरळच विचारले होते, "तू धंदा करत नाहीस, हिशेब लिहीत नाहीस आणि ती प्रोग्रॅम लिहिणारी माणसंही वेगळी. मग तू नक्की करतेस तरी काय?" पुतणी म्हणाली, "काकू, मी विचारते." सौभाग्यवती म्हणाल्या, "त्याचा पगार मिळतो?"

मिळतो, आणि चांगला मिळतो. या विचारण्याचे आता रीतसर शास्त्र झाले आहे. कॅनडातील टोरोंटो येथे २००३ साली या मंडळींची एक आंतरराष्ट्रीय संस्थाच स्थापन झाली. तिचा जाडजूड ग्रंथ आहे, परीक्षा आहेत, प्रमाणपत्रे आहेत. कारखाना असो, बँक असो, इस्पितळ असो, तेथे नवी पद्धत किंवा नवा संगणक-कार्यक्रम आणायचा झाला की एका बाजूला रोजचे काम करणारी माणसे असतात आणि दुसऱ्या बाजूला तो कार्यक्रम लिहिणारे तंत्रज्ञ. दोघांची भाषा एकमेकांना कळत नाही. मध्ये दुभाषा लागतो, तो म्हणजे हा ॲनालिस्ट. आणि ज्यांच्या पोटाशी, अधिकाराशी किंवा नुसत्या डोकेदुखीशी त्या बदलाचा संबंध येतो, त्या साऱ्यांना पुतणी 'स्टेकहोल्डर' म्हणते. आमच्या वेळी आम्ही त्यांना 'संबंधित मंडळी' म्हणत असू. शब्द जुना, पण मंडळी तीच.

"आमच्या वेळी" म्हटल्याबरोबर तुम्ही पान उलटणार असाल तर जरा थांबा. कारण पुतणीची तक्रार ऐकताना मला हसू आले ते तिच्यावर नव्हे, स्वतःवर. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, मी १९८८ साली विचारला होता. आणि त्याची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागली होती.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत होतो. गेल्या खेपेस याच सदरात मी पासबुकांविषयी लिहिले होते, तेव्हा जुन्या बँकेचे चित्र नियमित वाचकांना आठवत असेल: पितळी टोकन, पिंजऱ्यातला कॅशियर आणि काउंटरमागे ओळीने मांडलेली, उचलताना दोन्ही हात लागतील अशी लेजरे. त्या लेजरांच्या जागी यंत्रे आणण्याचा तो काळ. संगणक या शब्दालाच कामगारवर्गात तेव्हा वाईट वास होता. साठच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या इलॅको हाउसमध्ये संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला होता, ती हकीकत आमच्याकडे प्रत्येक युनियनवाल्याला तोंडपाठ असे. बँकांत १९८३ साली व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला, १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला आणि मग हळूहळू शाखांतून 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' नावाची, आज पाहिली तर खेळणी वाटतील अशी यंत्रे येऊ लागली. कोणते यंत्र कोठे, किती आणि ते चालवणाऱ्याला भत्ता काय, हे सारे वाटाघाटींनी ठरत होते. कागदोपत्री सारे ठीकठाक होते.

मला मुख्य कचेरीतून मध्य मुंबईतल्या एका शाखेत पाठवले. काम असे, की बचत खात्यांची लेजरे यंत्रावर घ्यायची. त्यासाठी आधी सध्याची पद्धत समजून घ्यायची, लिहून काढायची आणि यंत्रवाल्यांच्या हाती द्यायची. म्हणजे मीही बिझनेस ॲनालिस्टच. फक्त तेव्हा ते नाव नव्हते, आणि पगारही तसा नव्हता.

शाखेत बचत विभागावर एक ज्येष्ठ हेड क्लार्क होते. सारी शाखा त्यांना भाऊ म्हणे. धोतर जाऊन पँट आलेली, पण काळी टोपी शिल्लक होती. भाऊंची ख्याती अशी, की महिनाअखेरीला लेजरांची बेरीज जनरल लेजरशी जुळली नाही तर फरकाचा आकडा नुसता ऐकून ते चूक कोणत्या जातीची ते सांगत. फरकाला नवाने भाग गेला की म्हणत, "आकडे उलटे लिहिलेत कुणीतरी, चोपन्नाचे पंचेचाळीस झालेत." फरक दोनाने भागला तर, "निम्मी रक्कम शोधा, ती जमेची नावे पडली आहे." आता हे काही जादूटोणा नव्हे, हिशेबनिसांचे जुने ठोकताळे आहेत, पण रात्री नऊ वाजता, शेवटची गाडी चुकण्याच्या बेतात असताना, ते ठोकताळे जादूसारखेच वाटत.

मी पद्धतशीर माणूस. पहिल्याच दिवशी मॅनेजरांच्या केबिनमध्ये बैठक बोलावली. भाऊंना बोलावले, चार क्लार्कांना बोलावले, युनियनच्या प्रतिनिधीला बोलावले. चहा आला. मी मॅन्युअलमधले नियम वाचून दाखवले आणि विचारले, "काम असंच चालतं ना?" भाऊ म्हणाले, "असंच." मी विचारले, "यंत्रावर घेताना काही अडचण आहे का?" भाऊ म्हणाले, "काही नाही." मी तसे लिहून घेतले, खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दोन तासांत काम फत्ते! मुख्य कचेरीत माझी पाठ थोपटली गेली.

यंत्र आले. सुटीच्या दिवशी बसून शिलका चढवल्या. जुनी लेजरे तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. पुढे दीड महिन्याने, दिवाळीच्या तोंडावर, एक निवृत्त शाळामास्तर पैसे काढायला आले. अर्धांगाच्या सौम्य झटक्याने त्यांचा हात थरथरत असे. स्लिपवरची सही आणि बँकेतली नमुन्याची सही यांत कुठल्याही दोन माणसांच्या सह्यांत असावे तितके अंतर होते. यंत्रावर बसलेला मुलगा नवा, पासिंगचा अधिकारी बदलून आलेला. नियमाप्रमाणे स्लिप परत केली: सही जुळत नाही. मास्तरांनी पुन्हा सही केली. ती पहिल्या दोन्हींशी जुळेना. रांगेतला एक गृहस्थ हसला. बावीस वर्षांचे खाते असलेला तो माणूस दोन तास उभा राहून रिकाम्या हाताने परत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला. खाते बंद करण्याचा अर्ज घेऊनच आला.

मी त्या दिवशी योगायोगाने शाखेत होतो. भाऊंकडे गेलो. ते काही बोलले नाहीत. मला तळघरात घेऊन गेले आणि मास्तरांच्या खात्याचे पान काढून समोर ठेवले. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते: 'हा. थ.'

"म्हणजे?"

"हात थरथरतो. ही खूण दिसली की मी मास्तरांना आत बोलवायचो. खुर्ची द्यायचो, पाणी द्यायचो. माझ्यासमोर सही झाली की साहेबांना मी सांगायचो, माणूस तोच आहे. पाच वर्षं असंच चाललं होतं."

मी चिडलो. खरे म्हणजे लाजलो होतो. पण लाज वाटली की माणूस आधी चिडतो. मी म्हणालो, "भाऊ, मग तेव्हा बोलला का नाहीत? मी स्वतः विचारलं होतं!"

"काय विचारलं होतंत, आठवतं? 'काही अडचण आहे का?' मला काहीच अडचण नव्हती. अडचण मास्तरांना होती. ते काही तुमच्या बैठकीला नव्हते." मग जरा थांबून म्हणाले, "आणि साहेब शेजारी बसलेले असताना मी काय सांगणार? की मी नियम सोडून लेजरमध्ये पेन्सिलीने लिहितो? गेल्या ऑडिटला खोडरबर हातात देऊन बसवलं होतं मला!"

वाचकहो, त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते पुढच्या वीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या कोणी शिकवले नाही. मी समजत होतो, भाऊ आडमुठे आहेत, यंत्राच्या विरुद्ध आहेत, भत्त्यासाठी अडून बसले आहेत. प्रत्यक्षात त्यांच्यापाशी एक असे ज्ञान होते, की जे नियमात बसत नव्हते. ते सांगितले असते तर ते स्वतःच गुन्हेगार ठरले असते. मी त्यांना साहेबांच्या देखत, सह्यांच्या कागदावर, कबुलीजबाब द्यायला सांगत होतो. आणि ते देत नाहीत म्हणून 'असहकार' असा शेरा मारत होतो.

त्यानंतर मी मुख्य कचेरीकडे तीन आठवडे मागून घेतले. कारण काय लिहावे हा प्रश्नच होता. 'सुधारणा' असे मोघम लिहिले. एक स्टूल घेतले आणि भाऊंच्या शेजारी बसलो. पहिले दोन-तीन दिवस त्यांनी माझ्याकडे लक्षच दिले नाही. मीही वही काढली नाही; वही दिसली की माणूस मॅन्युअल बोलू लागतो. गर्दीच्या वेळी टोकनांची माळ लावून दे, स्लिपा तारखेप्रमाणे लाव, असली पोरकामे केली. चौथ्या दिवशी भाऊ आपणहून म्हणाले, "हे पाहा." आणि मग पाहायला सुरुवात झाली.

जुन्या लेजरांत पेन्सिलीच्या पस्तीस-चाळीस तऱ्हांच्या खुणा निघाल्या. एका बाईंच्या पानावर टिंब होते: पैसे काढायला नवरा पासबुक घेऊन आला तर बाई घरी आहेत का, हे विचारायचे. एका ठिकाणी 'दोघे' असे होते: एकाच नावाचे दोन खातेदार, पोस्टिंग करताना पत्ता पाहावा. एका पानावर नुसता प्रश्नचिन्हाचा आकडा. त्या खातेदाराचा चेक एकदा चोरीला गेला होता. नियमाप्रमाणे त्याची सूचना दुसऱ्या एका रजिस्टरात होती, पण गर्दीत ते रजिस्टर कोण उघडतो? एकदोन खुणा अशाही निघाल्या, की ज्या पुसून टाकणेच योग्य होते. दिवाळीला मिठाई कोण पाठवतो, याचीही नोंद होती म्हणतात! भाऊंनी ती पाने जरा भरभर उलटली. मीही चष्मा पुसायला घेतला.

मी भाऊंना एक शब्द दिला होता: खूण लिहीन, खुणेचे कारण लिहीन, पण ती कोणाच्या हातची हे लिहिणार नाही. हा शब्द पाळताना मला वरिष्ठांपुढे थोडे गोलमाल बोलावे लागले. ते मी बोललो. यंत्रवाल्यांशी भांडून प्रत्येक खात्यासमोर शेऱ्याची एक छोटी जागा मिळवली. लांबलचक काही मावत नसे, पण 'हा. थ.' मावत होते.

मास्तरांच्या घरी मी आणि भाऊ दोघे गेलो होतो. चहा झाला, चिवडा झाला. त्यांनी आम्हांला बोल लावला नाही. खाते मात्र परत उघडले नाही.

पुढच्या शाखेत मी बैठक घेतलीच नाही. मुद्दाम जूनअखेरीला गेलो, कारण सहामाही व्याजाचा तो काळ. बचत खात्याचे व्याज तेव्हा महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळे. रोजच्या शिलकीवर व्याज देण्याची पद्धत फार पुढे, १ एप्रिल २०१० पासून आली. हजारो खात्यांचे सहा-सहा महिन्यांचे आकडे शोधायचे, बेरजा करायच्या, व्याज काढायचे, ते दुसऱ्याने तपासायचे. माणसे रात्री दहा-दहापर्यंत बसत. मी त्यांच्याबरोबर बसलो. व्याज काढण्यात माझ्या इतक्या चुका झाल्या, की तिसऱ्या दिवशी मला फक्त बेरजा तपासायला ठेवले! त्या रात्री वडापाव खाताना एक क्लार्कबाई म्हणाल्या, "तुमचं यंत्र हे करेल?" यंत्राविषयी त्या शाखेत मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी तोपर्यंत यंत्राचे नावसुद्धा काढले नव्हते. बाईंचे मूल लहान होते आणि जून-डिसेंबर हे दोन महिने त्यांच्या घरी भांडणाचे असत, हे कोणत्या अहवालात सापडणार होते?

तेथले ज्येष्ठ क्लार्क मात्र यंत्रावर बिलकुल विश्वास ठेवायला तयार नव्हते. मी त्यांना म्हटले, "ठेवू नका. तुमची सगळ्यांत खाष्ट खाती काढा आणि यंत्र चुकवून दाखवा." लेजर आणि यंत्र दोन्ही काही दिवस शेजारी-शेजारी चालवायचे, अशी रीत होतीच. गृहस्थांनी आठवडाभर छळ मांडला आणि एके दिवशी विजयी मुद्रेने आले: दहा तारखेलाच भरलेली रक्कम यंत्र त्या महिन्याच्या व्याजाला धरत नव्हते. अगदी बरोबर! चूक खरीच होती, आणि ती मॅन्युअल लिहिणाऱ्या माझी होती. यंत्रवाल्यांना बोलावून दुरुस्त करून घेतली. त्या दिवसापासून त्या यंत्राला कोणी नाव ठेवले तर हे गृहस्थ भांडायला उठू लागले. लेजर कधी बंद करायचे तेही मी त्यांनाच ठरवायला सांगितले. त्यांनी माझ्या अंदाजापेक्षा तीन आठवडे जास्त घेतले. घेऊ दिले.

पण सगळ्यांचीच मने अशी वळतात असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या एका शाखेत मॅनेजरच विरोधात होते. बोलायला अत्यंत गोड. फक्त यंत्राला जागा नाही, विजेचा भार नाही, मुहूर्त नाही. मी शेजारी बसलो, वडापाव खाल्ला, सारे केले. काही उपयोग झाला नाही. नंतर कारण कळले. त्यांच्या मर्जीतल्या दोन व्यापाऱ्यांचे चेक खात्यात पैसे नसताना पास होत आणि दोन-चार दिवसांनी पैसे भरले जात. यंत्रावर ही भानगड रोज संध्याकाळी छापून बाहेर आली असती. अशा माणसाचे मन वळवीत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे वरून लेखी हुकूम आणावा लागतो. तो आणला. भाऊही नियम मोडत होते आणि हे साहेबही मोडत होते. पण भाऊंच्या मोडण्याने मास्तरांना खुर्ची मिळत होती. कोणाचे मोडणे कशासाठी आहे, हे समजायला काउंटरच्या आत बसावे लागते, आणि तेवढा वेळ कोणीही अंदाजपत्रकात धरत नाही.

हे सारे मी पुतणीला सांगत होतो तोवर सौभाग्यवती झारा हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं पुराण कशाला? तुझ्या आजेसासूबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी लग्नानंतर पहिल्या दिवाळीला विचारलं, चकलीला मोहन किती? म्हणाल्या, अंदाजानं. पुढच्या वर्षी विचारलं, तरी अंदाजानं. मला वाटलं, मुद्दाम सांगत नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यांचा हात मोडला आणि पीठ मला भिजवायला बसवलं, तेव्हा कळलं. त्यांना आकडा ठाऊकच नव्हता! पिठाची मूठ वळून पाहायच्या, तेवढंच." आमच्या आई पुतणीच्या आजी, आजेसासू कुठून आल्या, हे विचारण्याची आम्हां दोघांचीही छाती झाली नाही, कारण तेवढ्यात चकली तेलात विरघळायला लागली आणि त्या आत पळाल्या.

पुतणीचे काम एका मोठ्या इस्पितळातल्या औषधांच्या साठ्याचे होते. कोणत्या वॉर्डाला कोणते औषध किती दिले, त्याचा बॅच नंबर काय, मुदत कधी संपते, हे सारे संगणकावर आणायचे. ज्याची मुदत आधी संपणार ते आधी वापरले जाईल, हा त्यातला मुख्य हेतू. स्टोअरची मंडळी बोलत होती. पण वॉर्डांच्या सिस्टर काही बोलत नव्हत्या. एक ज्येष्ठ सिस्टर तर सभेला येतच नव्हत्या. निरोप पाठवत, पेशंट सीरियस आहे. आणि इस्पितळात पेशंट सीरियस आहे म्हटल्यावर पुढे बोलणार कोण? पुतणी आधी एकदा तेथे जाऊन आली होती, पण ती प्रशासकांबरोबर.

दिवाळीनंतर ती एकटी गेली, आणि रात्रपाळीला गेली. कंपनीत याबद्दल बरीच कुरकुर झाली म्हणे. रात्रीचे तास कोणत्या खात्यावर टाकायचे? चार रात्री ती त्या वॉर्डात कोपऱ्यात बसली. पट्ट्या गुंडाळल्या, कागद पोहोचवले, आजोबांना पाणी दिले. चौथ्या रात्री अडीच वाजता एका पेशंटला सलाइन लावायची वेळ आली. स्टोअरच्या खिडकीवरचा माणूस फोन उचलेना. सिस्टरांनी कमरेची किल्ली काढली, टेबलाचा खालचा खण उघडला आणि सामान काढून दिले. पुतणीने ते पाहिले. आणि तिने पाहिले हे सिस्टरांनी पाहिले.

खणात बरेच काही होते. कॅन्युला, सलाइनचे सेट, तापाची, उलटीची इंजेक्शने. घरी गेलेल्या पेशंटांचे उरलेले, स्टोअरला परत न केलेले. हिशेबात ते वापरून संपले होते. नवी पद्धत आली की हा खण उघडा पडणार होता. म्हणून तर 'सगळं ठीक आहे'!

"लिही आता तुझ्या रिपोर्टात," सिस्टर म्हणाल्या. पुतणी म्हणते, त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्या दमल्या होत्या.

येथे पोरगीची खरी परीक्षा होती. कारण खण आवरताना तिला दोन कुप्या अशा दिसल्या, की ज्यांची मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपली होती. जो साठा कागदावर नाही, त्याची मुदत कोण तपासणार? म्हणजे हे नुसते डोळ्यांआड करण्यासारखे नव्हते. तिने कुप्या सिस्टरांपुढे ठेवल्या. त्यांनी दिव्याखाली धरून पाहिल्या, दोनदा पाहिल्या आणि खुर्चीवर बसल्या. बराच वेळ कोणी बोलले नाही.

पुतणीने त्या रात्री सिस्टरांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, खण आहे हे मी लिहिणार. दोन, कोणाचा आहे हे लिहिणार नाही. मग दोघींनी पहाटेपर्यंत बसून यादी केली: रात्री खरोखर काय काय लागते, किती लागते. अहवालात तिने लिहिले, की प्रत्येक वॉर्डाला रात्रीसाठी मंजूर असा ठरावीक साठा हवा, तो पाळी बदलताना मोजला जावा, मुदत तेव्हाच पाहिली जावी आणि उरलेले औषध परत करण्याची रीत इतकी सोपी असावी, की परत न करण्याचा मोहच होऊ नये.

तिच्या साहेबांनी विचारले, "हे कोणत्या वॉर्डात आढळलं?" तिने सांगितले, "सगळ्याच." तेव्हा ती थाप होती. साहेबांनी पुन्हा लेखी विचारले. तिने पुन्हा तेच लेखी उत्तर दिले. त्या वर्षी तिची बढती हुकली, आणि त्याचे कारण हेच होते असे तिला वाटते. मी तिला तसे नसेल असे म्हटले, पण मला ते फारसे खात्रीने म्हणता आले नाही.

उन्हाळ्यात प्रस्ताव मंजूर झाला आणि मंजूर साठा मिळणार हे कळल्यावर बाकीचे वॉर्ड बोलू लागले. पाच वॉर्डांतून सहा खण निघाले! पुतणीची थाप आपोआप खरी ठरली. नवी पद्धत पावसाळ्यात सुरू झाली. पहिला महिना फार वाईट गेला. दोनदा सारे बंद पडले आणि पुन्हा कागद काढावे लागले. त्या वेळी आरडाओरडा करणाऱ्यांत त्या सिस्टर सर्वांच्या पुढे होत्या. तक्रारींची वीस कलमी यादी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवली. पुतणी ती यादी पदकासारखी जपून ठेवते.

परवा ती घरी आली होती. जेवताना तिचा फोन वाजला. जेवताना फोन घ्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. पण पडद्यावरचे नाव पाहून सौभाग्यवतींनीच "घे, घे" म्हटले. पलीकडचा आवाज एवढा खणखणीत, की आम्हांला सगळे ऐकू आले.

"अगं, त्या दिवशी तुला खण दाखवला, पण वरच्या मजल्यावरचं कपाट राहिलंच. कधी येतेस?"